बुवाची बाटली

"पाउलाना," म्हातारा म्हणाला, आणि त्याचा हात धरून उभी असलेली म्हातारी माझ्या दुकानाच्या पायरीवर मटकन बसली.

दिवेलागणीची वेळ. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. मला वाटलं बाईंना घेरी आली, म्हणून पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर धावले, आणि बघते तर सहस्रबुद्धे काकू. तांब्या धरलेला माझा हात जागच्या जागी थांबला. खोटं कशाला बोलू?

मिरजेत आमच्या गल्लीच्या तोंडाला मी बिअर शॉपी टाकली, त्याला तेव्हा दोनेक वर्षं झाली असतील. नवरा सरकारी नोकर, म्हणून परवाना माझ्या नावावर. पाटीवरही माझंच नाव, 'प्रोप्रा. सौ. रोहिणी खोत', चांगलं ठसठशीत. त्या पाटीचा रंग वाळायच्या आत या काकूंनी दुकानाविरुद्ध कंबर कसली. आमच्याकडं वॉर्डातल्या बायकांनी पुरेशा सह्या दिल्या तर मतदान घेतात. चिठ्ठीवर एक उभी बाटली, एक आडवी. उभी म्हणजे दुकान चालू दे, आडवी म्हणजे बंद पाडा. गुडघे धरलेल्या या बाईनं जिने चढून-उतरून आडव्या बाटलीसाठी सह्या गोळा केल्या. माझ्या सख्ख्या नणंदेचीसुद्धा घेतली. सह्या कमी पडल्या म्हणून मी वाचले. तेव्हापासून काकू माझं दुकान आलं की रस्ता ओलांडून पलीकडच्या बाजूनं जायच्या, तेही नाकाला पदर लावून. जसं काही मी सुकट विकायला बसले होते.

"बोलले ना?" काकू मला विचारत होत्या. "तुम्ही ऐकलंत ना? हे बोलले ना?"

"काहीतरी म्हणाले खरं."

"झटका आल्यापासून तोंडात शब्द नाही हो. कळतं सगळं, पण बोलता येत नाही. बोलायला शिकवणारी बाई येते, 'पाणी म्हणा, पोळी म्हणा' करते, तिनंही हात टेकले. रोज फिरायला नेते मी यांना. आज हेच मला ओढत रस्त्याच्या या बाजूला घेऊन आले." त्यांनी वर बघितलं. "पण म्हणाले काय?"

काकांचं बोट माझ्या मागच्या वरच्या फळीकडं होतं.

त्या फळीचं सांगायला हवं. एका गोडबोल्या विक्रेत्यानं परदेशी बिअरच्या पेट्या माझ्या गळ्यात मारल्या होत्या. 'वहिनी, पुण्यात लोकांच्या उड्या पडतात यावर.' पुण्यात पडत असतील. मिरजेत त्या बाटल्यांवर धूळ बसली. महाग म्हणून नव्हे, पैसेवाले आमच्याकडंही आहेत. गोम वेगळीच होती. नाव घेता येत नसलं की माणूस वस्तू मागत नाही. मोठमोठे डॉक्टर यायचे, ठेकेदार यायचे, त्या फळीकडं बघायचे, मनातल्या मनात ओठ हलवायचे, आणि शेवटी म्हणायचे, 'द्या आपली नेहमीचीच.' चारचौघांत जीभ अडखळली तर काय घ्या. जे धीट होते ते चित्रावरून मागायचे. 'सिंहाची द्या', 'बुवाची द्या'. आता बुवाही दोन होते, एकाच्या हातात पेला आणि दुसरा नुसताच. मग मी विचारायची, कुठला बुवा, पेल्याचा का बिनपेल्याचा? मला स्वतःला त्यातलं एक नाव धड येत नव्हतं. त्या विक्रेत्यालाच विचारलं, तर म्हणाला, 'वहिनी, मीसुद्धा बोट ठेवूनच दाखवतो.'

मी बिनपेल्याच्या बुवाची बाटली खाली काढली, पदरानं पुसली आणि काकांच्या पुढं धरली.

"पाउलाना," काका पुन्हा म्हणाले. शेवटचा र त्यांनी गिळला, पण असा, की तो तसाच गिळायचा असतो हे ऐकणाऱ्याला कळावं.

पेल्याच्या बुवाची दाखवली. "फ्रान्त्सिस्काना." सिंहाची दाखवली. "ल्योवनब्रॉय." एका बाटलीवरचं नाव म्हणजे मालगाडीच होती, ती मी मुद्दाम शेवटी ठेवली. काकांचा उजवा हात लुळा पडला होता. त्यांनी ती डाव्या हातात घेतली, लेबलावरून अंगठा फिरवला आणि एका दमात म्हणाले, "वायनश्टेफाना."

काकू रडायला लागल्या. मग एकदम सावध होऊन त्यांनी डोळे पुसले, गल्लीतलं कुणी बघत नाही ना ते बघितलं आणि काकांना घेऊन गेल्या. पाण्याला मात्र त्यांनी तोंड लावलं नाही. बिअरच्या दुकानातलं पाणी ना ते.

दुसऱ्या दिवशी मी शटर वर करतेय तोवर बाई दारात हजर.

"एक विचारायचं होतं," काकू म्हणाल्या. "यांना रोज संध्याकाळी इथं घटकाभर आणलं तर चालेल का? विकत काही घेणार नाही. पथ्य आहे, आणि नसतं तरी घेतलं नसतं. नुसती नावं घेतील."

मला काय, आयतीच संधी. म्हटलं, "आणा की. पण आमच्याकडं सगळ्या बाटल्या उभ्या असतात. काकांना आडव्या लागत असतील तर तसं सांगा."

काकूंचा चेहरा उतरला. पण बाई खमकी. म्हणाल्या, "चुकलं असं मी म्हणणार नाही. वाईट ते वाईटच. आज माझी गरज आहे म्हणून तुमच्या दारात आलेय."

हे मला आवडलं. गोडगोड बोलल्या असत्या तर मी सरळ नाही म्हटलं असतं. मी आत जाऊन काकांसाठी एक खुर्ची आणि काकूंसाठी एक स्टूल बाहेर काढलं, गल्ल्याच्या बाजूला भिंतीशी मांडलं. मागच्या खोलीतून नवरा ओरडला, "अगं, चहाचं काय झालं?" त्याला म्हटलं, होईल, जरा दम धरा.

तेव्हापासून ते दोघं रोज यायला लागले. काका खुर्चीत, काकू स्टुलावर. मी गल्ल्यावर बाटल्यांची रांग मांडायची आणि काका एकेकीचं नाव घ्यायचे. मग हळूहळू काकूंच्या तोंडून सगळी हकिगत बाहेर आली.

"लग्नाला वर्ष व्हायच्या आत कारखान्यानं यांना जर्मनीला पाठवलं, यंत्रं शिकायला. म्युनिकजवळ होते. मी इथं सासू-सासऱ्यांपाशी. तिथं गेल्यावर बिअर पीत होते, हे मला आता या वयात तुझ्या दुकानात कळतंय बघ." चारच दिवसांत तुम्हीची तू झाले होते मी.

"कधी बोलले नाहीत?"

"आल्याबरोबर सासूबाईंनी पंचगव्य पाजलं आणि विषय संपला. पुढं उभ्या आयुष्यात थेंब नाही घेतला. नावं मात्र जपून ठेवलेली दिसतायत."

"पत्रातून तरी लिहिलं असेल काही."

"पत्रं सासऱ्यांच्या नावानं यायची. पानभर यंत्रांची माहिती, आणि खाली एक ओळ, 'सौ. बरी असेलच.' सौ. म्हणजे मी."

काका ऐकत असायचे. त्यांना सगळं कळायचं. असं काही निघालं की खाली मान घालून हसायचे.

माझ्या धंद्याला मात्र बरकत आली, ती का लपवू? मेडिकल कॉलेजची पोरं यायची, विचारायची, "काका, हिला काय म्हणायचं?" काका म्हणायचे, पोरं मागून म्हणायची. एखादा 'पॉलनेर' म्हणाला की काका जोरात मान हलवायचे, पुन्हा म्हणायला लावायचे. ज्याला पाणी म्हणता येत नव्हतं तो माणूस खुर्चीत बसून शिकवणी घेत होता. आणि एकदा नाव जिभेवर बसलं की पोरगं ती बाटली घेऊनच जायचं, चार मित्रांत नाव घेऊन दाखवायला. आज इतकी वर्षं झाली, अजून ती फळी माझ्याकडं आहे आणि अजून मी काकांसारखाच र गिळते. नवीन विक्रेते विचारतात, वहिनी, तुम्ही कुठं शिकला?

मग एके दिवशी काकू कोथिंबीर घ्यायला समोरच्या गाड्यापाशी गेल्या होत्या. काका अस्वस्थ झाले. खुर्चीत पुढं सरकले, दाराकडं बघितलं आणि म्हणाले, "अगं."

काकू कोथिंबीर टाकून धावत आल्या. "काय म्हणालात?"

"अगं."

झटक्यानंतरचा हा पहिला मराठी शब्द. आम्ही दोघी इतक्या हरखलो की मी त्या दिवशी पेढे आणले. शिकवणाऱ्या बाईंनाही आनंद झाला. त्या म्हणाल्या, छान चाललंय, आता घरातली नावं घ्यायला लावा. आणि त्यांना जे हवं ते चुकीच्या शब्दाला देऊ नका, बरोबर शब्द आला की मगच द्या. लहान मुलांना शिकवतात तसंच हे असतं.

त्या संध्याकाळी काका पोरांच्या घोळक्यात होते, तेव्हा काकूंनी स्टूल माझ्याजवळ ओढलं.

"रोहिणी, माझं नाव तुला माहितेय का?"

मला माहीत नव्हतं. सह्यांच्या वेळीसुद्धा सगळ्या त्यांना सहस्रबुद्धे काकूच म्हणायच्या.

"वैजयंती," त्या हळूच म्हणाल्या, जसं दुसऱ्या कुणाचं सांगतायत. "माहेरचं कुसुम. लग्नात यांनी बदललं. ताटात तांदूळ पसरून त्यावर अंगठीनं लिहितात ना, तसं. सासूबाईंना लक्ष्मी हवं होतं, पण यांनी ऐकलं नाही. स्वतःच्या मनानं निवडून वैजयंती लिहिलं. मी वाकून बघितलं, इतकं सुंदर अक्षर. मंडळी म्हणाली, लिहिलंत, आता तोंडानं घ्या. तर हात जोडले आणि कानापर्यंत लाल झाले. त्यानंतर आजतागायत घेतलं नाही."

"मग हाक कशी मारायचे?"

"कशी म्हणजे? अगं. ऐकलंस का. सगळ्यांचे नवरे मारतात तशीच."

"आणि बाकीची माणसं?"

"आधी सूनबाई, मग वहिनी, मग आई, मग काकू. कुसुम म्हणणारी माहेरची माणसं होती, ती सगळी गेली. वैजयंती म्हणणारं कुणी नव्हतंच. रेशनकार्डावर आहे तेवढं. तुझं बरं आहे, तुझं नाव पाटीवर आहे, सगळी मिरज वाचते." त्या थांबल्या. "डॉक्टर म्हणतात, असा झटका पुन्हा येऊ शकतो. तो यायच्या आत एकदा मला ते नाव ऐकायचंय. ज्यानं ठेवलं त्याच्या तोंडून. एकदाच. जर्मनीतल्या त्या बुवांची नावं येतात, मग माझं का येऊ नये?"

पाटीवर असून मला तरी कोण रोहिणी म्हणतं, असं मनात येऊन गेलं.

दुसऱ्या दिवसापासून रांगेतली शेवटची बाटली झाली की काकू स्वतःच्या छातीवर हात ठेवून विचारायच्या, "आणि मी? मी कोण?"

"अगं," काका लगेच म्हणायचे.

"अगं नाही. नाव. वै..."

"वै..."

"हां, वैज..."

काकांच्या कपाळावरची शीर तट्ट फुगायची. ओठ जुळायचे, सुटायचे. "वै... वाय..." आणि मग एकदम वाट सापडल्यासारखा चेहरा उजळायचा, "वायनश्टेफाना."

पहिल्यांदा तसं झालं तेव्हा दुकानात उभी असलेली दोन पोरं फिस्सकन हसली. मलाही हसू आलं, मी तोंड फिरवलं. काकू स्वतःसुद्धा हसल्या. मग त्यांचे डोळे भरले.

"बघितलंस? गाडी तिकडंच जाते," त्या मला म्हणाल्या. "पुन्हा पुन्हा म्हटलं की पायवाट पडते जिभेला. माझ्या नावाची कधी पडलीच नाही."

पण बाईनं हट्ट सोडला नाही. आता त्यांनी शिकवणाऱ्या बाईंचा सल्ला मनावर घेतला. काका "अगं" म्हणाले की काकू दुसरीकडं बघायच्या. "ऐकू आलं नाही," म्हणायच्या. "नाव घ्या, मग येते." काका आधी गोंधळायचे. पुन्हा म्हणायचे, जरा मोठ्यानं, "अगं." काकू हलायच्या नाहीत. मग काका गप्प व्हायचे आणि समोरची बाटली उगाच इकडची तिकडं करायचे.

मला ते बघवेना. एकदा म्हटलं, "काकू, ते तुम्हालाच म्हणतात ना? ओ द्या की."

"अगं काय गं, रस्त्यावरच्या अनोळखी बाईलासुद्धा म्हणतात. त्यात माझं काय आहे?"

खरं सांगते, मला ते पटलं. तेव्हा पटलं.

संक्रांत आली. गल्लीत हळदीकुंकवं चालू होती. मी एक रिकामी बाटली पाण्यात भिजत घालून तिचं लेबल काढलं, कागदाची चौकोनी पट्टी कापली, त्यावर लाल पेनानं ठळक लिहिलं, 'वैजयंती', भोवती चार फुलं काढली आणि ती बाटलीवर चिकटवली. म्हटलं, या माणसाची जीभ बाटलीवरून चालते, तर नावच बाटलीवर चढवू. कल्पना माझीच. अजून कधी कधी टोचते.

काकू हळदीकुंकवाहून परस्पर दुकानात आल्या, इरकली नेसून, केसांत गजरा. काकांना त्यांनी आधीच आणून बसवलं होतं. नेहमीची पोरं होती. मी रांग मांडली आणि शेवटी ती बाटली ठेवली. काकूंनी ती बघितली, माझ्याकडं बघितलं आणि लहान मुलीसारखा तोंडावर हात धरला.

"पाउलाना," काकांनी सुरुवात केली. "फ्रान्त्सिस्काना. ल्योवनब्रॉय. एर्डिंगा. वायनश्टेफाना." मग त्यांचा अंगठा लाल अक्षरांवर आला आणि थांबला.

"अहो," काकू म्हणाल्या, "थांबा. मी आधी घेते, मग तुम्ही घ्या." आणि त्या बाईनं, बिअरच्या दुकानात, सहा-सात परक्या पोरांसमोर, पदर सावरून उखाणा घेतला:

"मिरजेच्या तंबोऱ्याला लागतात चार तारा,
वामनरावांचं घेतलं नाव, आता माझं घ्या जरा."

पोरांनी टाळ्या वाजवल्या. काकांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि चेहऱ्यावर हसू. ते खुर्चीला धरून उठले. डाव्या हातात ती बाटली घेतली. पाय ओढत ओढत काकूंपर्यंत गेले, बाटली त्यांच्या हातात ठेवली आणि त्यांची बोटं आपल्या हातानं त्या बाटलीवर मिटवली.

"अगं," काका म्हणाले.

अगदी हळू म्हणाले. मग मान वर करून त्यांनी आम्हा सगळ्यांकडं बघितलं, गणित बरोबर आलेल्या पोरासारखं.

कुणी टाळी वाजवली नाही. काकूंनी बाटली गल्ल्यावर ठेवली. "चला घरी," म्हणाल्या. जाताना त्यांनी काकांचा हात धरला होता, पण तोंड दुसरीकडं होतं. गल्लीच्या वळणापर्यंत मला काकांचा आवाज येत होता. "अगं. अगं." काकूंनी एकदाही वळून बघितलं नाही.

त्यानंतर ते दोघं दुकानात आले नाहीत. दुसरा झटका आल्याचं मला गल्लीतून कळलं. दवाखान्यात नेलं होतं. मी डबा घेऊन जायचं म्हणत होते, तेवढ्यात काका गेल्याची बातमी आली.

दिवसकार्य आटोपल्यावर एका संध्याकाळी काकू आल्या. स्टुलावर बसल्या. शेजारची खुर्ची मी उचलली नव्हती, ती तशीच रिकामी होती. मी पाणी दिलं. या वेळी त्यांनी ते सगळं प्यायलं.

"जेवता का नीट?" मी विचारलं.

"जेवते." बराच वेळ त्या भांडं हातात फिरवत राहिल्या. "रोहिणी, दवाखान्यात एक नर्स होती. केरळची. पोरगी मोठी गोड, मराठी अगदी जेमतेम. यांना थोडं बरं वाटत होतं त्या दिवशी. मी खालून औषधं घेऊन वर आले, तर तिनं मला दारातच थांबवलं. म्हणाली, 'आजी, तुमचं नाव अगं आहे का?'"

गल्ल्याचा खण लावून मी त्यांच्याकडं वळले.

"मी म्हटलं, असं का विचारतेस? तर म्हणाली, 'आजोबा मला हाक मारत नाहीत. मोठ्या सिस्टरना मारत नाहीत. डॉक्टर मॅडमना मारत नाहीत. तुम्ही बाहेर गेलात की दाराकडं बघतात आणि एकच नाव घेतात. अगं, अगं, अगं. तुम्ही आत आलात की थांबतात. म्हणून विचारलं.'"

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"मी सांगितलं, नाही." काकूंनी भांडं खाली ठेवलं. "मी म्हटलं, नाही बाळ, माझं नाव वैजयंती. तिला ते म्हणता येईना, तर दोन-चारदा म्हणायला लावलं. तिथं दारात उभी राहून. आणि आतून यांची हाक येत होती. ऐकत होते की मी. ओ दिली नाही. म्हटलं, अजून थोडा वेळ थांबावं, येईलही नाव ओठावर. तिचं नीट म्हणून झालं, ती हसली, आणि मी आत गेले तर हे गप्प झाले होते. मला वाटलं झोप लागली."

रस्त्यावर कुणीतरी मोटारसायकल चालू करत होतं, ती होत नव्हती.

"उभा जन्म त्या हाकेला मी ओ दिली, रोहिणी. पोळी तव्यावर टाकून धावले. तापात उठून गेले. त्यांनी मला दुसऱ्या कशानं कधी बोलावलंच नाही, आणि दुसऱ्या कुणाला त्या हाकेनं बोलावलं नाही. तेच होतं माझं. आणि शेवटी शेवटी मी म्हणत राहिले, चूक, चूक, पुन्हा म्हणा." त्यांनी वरच्या फळीकडं बघितलं. बुवाच्या बाटलीच्या शेजारी मी ती लाल अक्षरांची बाटली ठेवली होती. "ती काढून टाक. तिच्यापायी गेलं सगळं."

"असं नका म्हणू."

"आता वैजयंती म्हणणारे पुष्कळ आहेत. ती नर्स म्हणते, तू म्हणशील. त्याचं मी काय करू?"

मी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. गल्ल्यासमोर एक गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं होतं, मी त्याला हातानंच थांब म्हटलं.

तेवढ्यात मागच्या खोलीतून माझ्या नवऱ्यानं हाक मारली.

"अगं, या रिकाम्या पेट्या कुठं ठेवू?"

मी ओ देण्यासाठी तोंड उघडलं, पण माझ्या आधीच उत्तर गेलं.

"आले," काकू म्हणाल्या, आणि पदर खोचत स्टुलावरून अर्ध्या उठल्या.